सुखदेवचा दगड

“पाणी निवळलंय. रविवारी येतो का?”

“दगड देतो का?”

“न्हाई.” आणि तो हसला.

सुखदेवशी फोनवर माझं शेवटचं बोलणं एवढंच. पुढच्याच आठवड्यात, मोंढ्यात सोयाबीनच्या भावावरून एकाशी हुज्जत घालत असताना त्याच्या मुलीचा फोन आला. “काका, बाबा गेले... झोपेतच.” समोरचा म्हणत होता तो भाव मी मुकाट्यानं मान्य केला. तो भाव मान्य केल्याचा राग अजून जात नाही. महिना उलटून गेला, तरी दुकानात बसलो की उठतो, घरी गेलो की परत दुकानात येतो.

जाफराबादच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो शिकून मास्तर झाला. मी शाळा सोडली आणि सायकलवर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, विकत विकत नवीन जालन्यात स्वतःच्या दुकानापर्यंत आलो. मला जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं, असं मी अजूनही सगळ्यांना सांगतो.

डोंगरातल्या तलावाचा नाद त्यानंच लावला. ते पाणी खोल, आणि हिवाळ्यात एवढं स्वच्छ, की काठावरून तळाचे गोटे दिसायचे. कणकेच्या गोळ्यात हळद मळायची, ज्वारीच्या वाळक्या ताटाचा तुकडा काठीच्या दोरीला तरंगायला बांधायचा आणि गळ टाकून गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला कधी जमलं नाही. पाय बदल, मान वळव, फोन काढ... “शेठ, अंगात मुंग्या शिरल्या का?” असं तो म्हणायचा. सकाळचं ऊन आमच्या पाठीवर असायचं. तो मोकळ्यावरच्या रुंद, सपाट दगडावर मांडी घालून बसायचा. मला मात्र बाजूच्या बोरीच्या झुडपामागं, तिरक्या खडकावर बसवायचा. काटे लागायचे, कंबर धरायची. तरी मासे मलाच जास्त लागायचे. मी म्हणायचो, हा माझ्या हाताचा गुण. आणि मनात हिशेब करायचो, की असल्या भिकार जागेवर एवढे, तर त्या दगडावर किती!

शेवटी एका रविवारी मी सौदा मांडला. “एक रविवार तू, एक रविवार मी.”

“न्हाई. तुझी जागा तीच.”

“का? सातबारा हाय का तुझ्याकडं दगडाचा?”

“हौ, हाय समज. हळू बोल, मासे पळून राह्यले.”

मी काठी पाण्यात भिरकावली आणि तरातरा निघून आलो. त्यानंतर कधी गेलो नाही. दर हिवाळ्यात त्याचा फोन यायचा, मी तोच प्रश्न विचारायचो, तो तेच उत्तर द्यायचा. माझी खात्री होती, एक दिवस हा नमणार. समोरचा कधीतरी नमतोच...

परवा वहिनींनी त्याची काठी माझ्या हातात दिली. “तुमचीच वाट बघायचे. घेऊन जा.” रविवारी उजाडताच तलावावर पोचलो आणि थेट दगडावर बसलो. खाली राहू माशांचा थवा स्पष्ट दिसत होता. मी गळ टाकायला हात उचलला, तशी माझी लांब सावली पाण्यावर हलली आणि थवा नाहीसा झाला. थोड्या वेळानं परत आला. मी नुसतं कपाळ पुसलं... पुन्हा गेला. उन्हं वर येईपर्यंत हेच चाललं. एकही मासा गळाकडं आला नाही.

चिडून उठलो आणि झुडपामागं गेलो. तिथं माझी सावली बोरीच्या सावलीत पार बुडाली होती. मी पाय बदलला, मान वळवली, मासे हलले नाहीत. बोरीच्या, मी बसायचो त्या बाजूच्या फांद्या कोयत्यानं छाटलेल्या होत्या. वण ताजे होते, याच हिवाळ्यातले. पाण्याकडची बाजू तशीच दाट राखलेली.

मी त्या वणांवरून बोट फिरवलं. मग मोठ्यानं ओरडलो, “अरे, सांगायला काय झाल्तं तुला?” सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही खरं. पण म्हणून सांगायचंच नाही? हा राग मी सोडणार नाही.

येत्या रविवारी परत जातो आहे. दगड रिकामाच राहील. त्याची काठी घेऊन मी झुडपामागं बसेन, माझ्या जागेवर.