तीन नारळ आणि कंपाउंडचा फोन

आमच्या कंपाउंडच्या समितीला आई नगरपालिका म्हणते. बाबा समितीचे अध्यक्ष, म्हणून ते नगराध्यक्ष. "नगराध्यक्षांना विचार, चहा घेणार का," असं ती मला त्यांच्यासमोरच सांगते आणि बाबा मोबाइलमधून मान वर न काढता "अर्धा कप" म्हणतात.

कंपाउंड म्हणजे दोह्याच्या कडेला एका भिंतीच्या आत उभे केलेले एकसारखे व्हिला, मध्ये पोहायचा छोटासा पूल आणि येण्याजाण्याला एकच गेट. निम्मी घरं मराठी. समिती करायची वेळ आली तेव्हा उरलेल्या निम्म्यांनी "तुम्ही लोक हे छान करता" म्हणून सगळं आमच्यावर ढकललं. मालक म्हणजे एक म्हातारे कतारी गृहस्थ. ते समैस्माला समुद्राकाठी राहतात आणि ईदला खजुरांचे डबे घेऊन येतात, एरवी दिसत नाहीत. आमचा जुना मॅनेजर नोकरी सोडून कायमचा त्याच्या देशात परत गेला, तेव्हा त्यांनी बाबांना सांगितलं की राहायचं तुम्हाला आहे तर माणूसही तुम्हीच निवडा, व्हिसा आणि पगार मी बघतो. खलास.

त्यांच्या बाजूने खलास. आमच्या बाजूने ती सुरुवात होती.

जाताना मॅनेजरने कंपाउंडचा फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो माझ्या हातात दिला. कारण मी इंग्लिश मीडियमची. आमच्या घरात याच कारणावरून विमानाची तिकिटं, बँकेचे मेल, वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक आणि शेजारच्या मुलांचे प्रोजेक्ट माझ्याकडे येतात. दोनतीन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं बाबा म्हणाले.

मला फोनवर बोलायची भीती वाटते. काय बोलायचं ते मी आधी मनात पाठ करते, आणि माझं पाठ होईपर्यंत बहुतेक फोन आपोआप बंद होतात. हा फोन बंद होत नसे. एसीतून पाणी गळतंय. आमच्या जागेवर कोणीतरी गाडी लावली आहे. पूलचं पाणी फार गार आहे. पूलचं पाणी फार गरम आहे. कचऱ्याच्या डब्यांमागे मांजर व्यालं आहे, त्याला हलवा. तेच मांजर, त्याला अजिबात हलवू नका. जमेल तिथे मी मेसेजवर उत्तरं द्यायचे, अतिशय नम्र इंग्रजीत, आणि शेवटी माझं नाव द्यायला नको म्हणून ‘मॅनेजमेंट’ अशी सही करायचे.

दोनतीन दिवसांचे आठवडे झाले, कारण आमची समिती मतदान करत नाही. खूप वर्षांपूर्वी गणपतीच्या प्रसादाला उकडीचे मोदक की मोतीचूर लाडू यावर हात वर करून मतदान झालं होतं. लाडू एका मताने हरले, आणि लाडूवाल्यांनी पुढच्या वर्षी आपला वेगळा गणपती बसवला. तेव्हापासून आमच्यात काहीही ठरायचं तर सर्वानुमते. एकाचंही तोंड वाकडं झालं की विषय पुढच्या शुक्रवारी.

समितीतले कोल्हापूरचे काका म्हणाले, माणूस खमका पाहिजे. रत्नागिरीच्या काकू म्हणाल्या, माणूस शांत पाहिजे, खमके आपण आहोतच. यात दोन शुक्रवार गेले. शेवटी जाहिरातीत ‘शांत पण खमका’ असं लिहायचं ठरलं आणि त्याचं इंग्रजी करायला ते माझ्याकडे आलं. मी केलेलं ‘जेंटल बट फर्म’ वाचून आई म्हणाली, ही गादीची जाहिरात वाटते. त्यावरही अर्धा शुक्रवार चर्चा झाली.

मी तेव्हा एका फायनान्स कंपनीत नवीनच लागले होते, प्रोबेशनवर. काम फार मोठं नव्हतं. पण तिथे मला माझं स्वतःचं टेबल होतं, आणि त्या टेबलाशी मी कोणाची मुलगी नव्हते, आणि इंग्लिश मीडियमची म्हणून वेगळीही नव्हते, तिथे सगळेच तसे होते. ती नोकरी मला टिकवायची होती. फक्त पंप बंद पडला तर कळायला हवं म्हणून हा फोन सायलेंटवर ठेवायला बाबांची मनाई होती. तो मीटिंगमध्ये वाजायचा आणि मी जिन्यात पळायचे. माझ्या बॉस जॉर्डनच्या, कमी बोलणाऱ्या. एकदा मी जिन्यात एका रहिवाशाला घाबरून सांगत होते की मांजराला तशी सूचना देण्यात आली आहे. वळून बघते तर बॉस कॉफीचा कप घेऊन मागे उभ्या.

"रविवारी तुझा रिव्ह्यू आहे," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत ठरव, तू माझ्याकडे नोकरी करतेस की त्या मांजराकडे."

हे मी घरी सांगितलं. मांजर वगळून सांगितलं. बाबा म्हणाले, या शुक्रवारी लावतोच निकाल. मालकांचाही निरोप आला होता की रविवारपासून, म्हणजे इथला आठवडा सुरू होतो त्या दिवसापासून, माणूस हवा, इन्शाल्ला. तेव्हा अर्जांतून तिघांना एकाच संध्याकाळी, एकामागून एक, आमच्या घरी बोलावलं. समितीला ऑफिस नाही, आमचा हॉल आहे.

घरी आलेला माणूस नुसत्या प्रश्नांवर परत जाणार, हे आईला मान्य होणं शक्य नव्हतं. तिने मोठ्या पातेल्यात पोहे केले. ट्रे घेऊन मी जायचं. पहिले उमेदवार केरळचे, एका हॉटेलात बरीच वर्षं काम केलेले, इतकं हळू बोलायचे की समितीतले सगळे पुढे वाकून बसले होते. मी ट्रे घेऊन गेले तर ते उठून उभे राहिले.

"बसा, बसा," काकू मराठीत म्हणाल्या. "तुम्ही हिला बघायला नाही आलात. आम्ही तुम्हाला बघतोय."

त्यांना एक अक्षर कळलं नाही. ते हसून बसले. पण बाकी कार्यक्रम तसाच झाला. मूळ गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, चष्मा कधीपासून आहे. पंपाबद्दल कोणी विचारलं नाही.

दुसरे लेबनॉनचे गृहस्थ, राखाडी सूट, अत्तराचा घमघमाट. त्यांचं सगळं उत्तम होतं. फक्त त्यांनी पोह्यांना हात लावला नाही, आणि आत आईचा चेहरा मी बघितला. तिसरी फिलिपिन्सची बाई, माझ्याहून थोडीच मोठी, एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर काम करणारी. तिने पोहे दोनदा घेतले, वरचं खोबरं कुठून आणता ते विचारलं आणि निघताना बशी स्वतः स्वयंपाकघरात आणून ठेवली.

आता मुद्दा असा की आमच्या मराठी मंडळाच्या मागच्या कार्यक्रमाच्या शाली उरल्या होत्या आणि त्या आमच्याच स्टोअररूममध्ये होत्या. आमच्याकडे पाहुणा आला की त्याचा सत्कार होतो. शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या फोटोग्राफरचाही झाला होता. तेव्हा सुट्टीच्या दिवशी आपल्यासाठी वेळ काढून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, असं काका म्हणाले आणि यावर मात्र लगेच सर्वानुमते ठरलं. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी बाबा उभे राहिले, उमेदवाराच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी फोटो काढला, आणि बाबांनी इंग्रजीत दोन शब्द सांगितले की तुम्ही आमच्यात आलात याचा आम्हाला अभिमान वाटतो, आणि रविवारी सकाळपासून आपल्या कंपाउंडला नवीन मॅनेजर मिळतो आहे, इन्शाल्ला.

केरळच्या गृहस्थांचे डोळे भरून आले. लेबनॉनच्या गृहस्थांनी बाबांना मिठी मारली. मी ट्रे उचलता उचलता हे पाहत होते. तिघं गेल्यावर मी बाबांना म्हटलं की त्यांना काहीतरी वेगळंच वाटलं असेल.

"सत्कार म्हणजे सत्कार," बाबा म्हणाले. "नारळ दिला की नोकरी दिली असं कोणाला वाटेल?"

मग चर्चा. केरळचे शांत, पण खमके नाहीत. लेबनॉनचे खमके असावेत, पण शांत आहेत की नुसते थकलेले ते कळलं नाही. बाई चांगली, पण बाईमाणूस, अवेळी पाण्याचा टँकर आला तर काय करेल, असं काका म्हणाले. त्यावर काकूंनी त्यांना विचारलं, गेल्या वेळी टँकर आला तेव्हा तुम्ही काय केलं होतं. काका झोपले होते. विषय पुढच्या शुक्रवारी.

रविवारी सकाळी मी रिव्ह्यूसाठी इस्त्रीचा शर्ट घालून बाबांच्या गाडीत बसले. फोन पर्समध्ये. गेटपाशी गाड्यांची रांग लागली होती, कारण गेटचा आडवा दांडा खाली येऊन अडकला होता. गार्ड बटण दाबून दाबून थकला होता. आणि दांड्याच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूला, तिघं उभी होती. लेबनॉनच्या गृहस्थांनी सुटावर शाल मफलरसारखी गुंडाळली होती, हातात नारळ. केरळच्या गृहस्थांनी ती व्यवस्थित घडी करून हातावर घेतली होती. बाईच्या हातात कापडी पिशवी, त्यात नारळ, आणि नव्या ऑफिसात ठेवायला आणलेला स्वतःचा कॉफीचा मग. तिघंही एकमेकांकडे नम्रपणे बघत होती. बहुतेक प्रत्येकाला बाकीचे दोघे आपले असिस्टंट वाटत होते.

बाबा गाडीतून उतरले. पुढच्या गाडीतून काका उतरले, मागच्या गाडीतून काकू. फुलझाडांच्या वाफ्यापाशी ऑफिसच्या कपड्यांत समितीची तातडीची बैठक सुरू झाली. माझ्या पर्समधला फोन वाजायला लागला. गेट उघडत नाही. गेट का उघडत नाही. मॅनेजमेंट झोपलं आहे का. मी घड्याळाकडे बघितलं आणि बाबांकडे गेले.

"जा, त्या तिघांना सांग," बाबा म्हणाले.

"काय सांगू?"

"चर्चा चालू आहे म्हणून सांग. तू इंग्लिश मीडियमची आहेस."

मी चालत गेले. वाटेत मी दोन वाक्यं पाठ केली, फार सभ्य वाक्यं होती. दांड्याच्या अलीकडे उभी राहिले आणि तेवढ्यात फोन पुन्हा वाजला, आणि ती दोन्ही वाक्यं गेली. मला फक्त माझं टेबल दिसत होतं. मी फोन दांड्यावरून पलीकडे धरला.

"हा वाजतोय," मी इंग्रजीत म्हणाले. "कोणीतरी उचला. मी उचलणार नाही."

एवढं मोठ्याने मी त्या कंपाउंडमध्ये कधी बोलले नव्हते. बाईने नारळाची पिशवी लेबनॉनच्या गृहस्थांच्या हातात दिली आणि फोन घेतला.

"गुड मॉर्निंग, मॅनेजमेंट," ती म्हणाली. मग ऐकून घेतलं. मग मान उंच करून आत बघितलं. "येस सर. मला तुम्ही दिसताय, सर. फुलांच्या बाजूला, निळा शर्ट."

बैठकीतून तक्रार करायला फोन लावलेले कोल्हापूरचे काका दचकले. तिने हात हलवला. त्यांनीही हलवला.

मग तिने गार्डला विचारलं की दांडा हाताने उचलायची किल्ली कुठे असते. गार्डला ती कुठे असते हे माहीत होतं, फक्त इतके दिवस कोणी विचारलं नव्हतं. लेबनॉनच्या गृहस्थांनी दोन्ही नारळ भिंतीवर ठेवले, कोट काढला आणि दांडा वर ढकलला. केरळचे गृहस्थ मधोमध उभे राहून गाड्या सोडायला लागले, इतक्या हळू आवाजात की प्रत्येकाला काच खाली करून थांबावं लागलं, आणि त्यामुळे कोणी घुसलं नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तसे समितीचे सदस्य आपापल्या गाड्यांकडे पळाले. बैठक निर्णयाविना संपली. बाहेर पडताना आरशात मला फोन कानाला लावलेली ती दिसली.

रिव्ह्यूच्या खोलीत बॉसनी पहिला प्रश्न विचारला, मांजर कसं आहे. मी कंपाउंडचा फोन नसलेली पर्स उघडून टेबलावर ठेवली. त्यांनी आत डोकावून बघितलं, आणि कागदावर सही केली.

बाकीच्या दोघांनी त्या सकाळीच आपसात ठरवून टाकलं होतं की ज्याच्या हातात फोन तो मॅनेजर. केरळच्या गृहस्थांना मालकांनी दुसऱ्या एका इमारतीत घेतलं. लेबनॉनच्या गृहस्थांना त्यांची जुनी नोकरी होतीच. त्यांनी शाल ठेवली आणि नारळ परत पाठवला. केरळच्या गृहस्थांनी नारळ ठेवला आणि शाल परत पाठवली, धुऊन.

शुक्रवारी समिती आमच्या हॉलमध्ये मॅनेजर निवडायला बसली. मध्येच बेल वाजली. आमचा एसी गळत होता, तो बघायला ती फिलिपिन्सची बाई मेकॅनिकला घेऊन आली होती. बाबांनी तिला जरा थांबायला सांगितलं, मॅनेजर कोणाला करायचं याची महत्त्वाची चर्चा चालू आहे म्हणून. तिने काही हरकत नाही म्हटलं, आईकडून पोहे घेतले आणि उभ्याउभ्या एसी दुरुस्त करून घेतला. पाणी थांबलं तशी चर्चाही थांबली. होऊन गेलेल्या गोष्टीला विरोध करायची आमच्यात पद्धत नाही. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

मी चहाचे कप गोळा करत होते, तेव्हा बाबा घसा खाकरून उभे राहिले. हंगामी मॅनेजरने इतके आठवडे निःस्वार्थ काम केलं, असं काहीतरी ते म्हणाले आणि मला वाटलं ते जुन्या मॅनेजरबद्दल बोलताहेत. मग माझ्या खांद्यावर शाल आली. धुतलेली होती. हातात नारळ आला, टाळ्या वाजल्या, काकांनी मोबाइल वर केला.

मी फोटोसाठी हसले नाही.

"बाबा," मी विचारलं, "हा नुसता सत्कार आहे ना?"

"अगं, अर्थात," बाबा म्हणाले आणि काकूंकडे बघितलं. काकूंनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले की तसं विशेष काही नाही, फक्त यंदा गणपतीचं सगळं बघायला एक माणूस हवाय, दोनतीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

मी नारळ काकांच्या हातात ठेवला, शाल त्यांच्या खांद्यावर घातली, आणि टाळ्या वाजवल्या. आतून आईनेही वाजवल्या.