हंड्यातला नवरा

मला सांगून आलेला मुलगा पलटणीत होता आणि त्याला रजा मिळत नव्हती. फोटो मात्र इकडचे तिकडे झाले होते. फोटोतला माणूस मला मनापासून आवडला होता. पण सांगलीकडच्या आमच्या गावात तेव्हा मुलीची आवड विचारायची रीत नव्हती. म्हैस विकताना म्हशीला कोण विचारतं?

बैठकीला साताऱ्याहून त्याचा थोरला भाऊ आला, काखेत टेपरेकॉर्डर मारून. मुलानं आपला आवाज भरलेली कॅसेट पोस्टानं पाठवली होती. येताना एसटीत सगळ्या गाडीला गाणी ऐकवली, हेही भावानं कौतुकानं सांगितलं.

आवाज भरदार यावा म्हणून चुलत्यांनी टेप रिकाम्या हंड्यात ठेवला. आमच्याकडे रेडिओही असाच ऐकत. वर बटण शेवटपर्यंत पिळलं. मग जे बाहेर आलं त्याला माणूस म्हणणं धाडसाचं होतं. "न…म…स्का…र…" नुसती घरघर, मध्येच हंड्याची झणझण. रवंथ करता करता रेडा बोलावा तसं.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, टेप बंद करायला लावला. "पावणं, पोरगा पितो काय वं?"

"न्हाई वं! सुपारी खात न्हाई त्यो!"

"मग जिभंला धोंडा बांधलाय व्हय?" चुलते म्हणाले.

"जेवून घ्या. फुडचं फुडं बघू," अण्णा म्हणाले. आमच्या घरात याचा अर्थ नकार.

मंडळी आत जेवायला बसली, तशी मी टेप हंड्यातून उचलला. बटण दाबलं तर कॅसेटची चाकं पेंगत फिरत होती. म्हणजे माणूस शुद्धीत होता, सेल मेले होते. एरवी आम्ही मेलेले सेल पत्र्यावर उन्हात वाळत घालायचो, पण इतका धीर कुणाला? रात्री उसाला पाणी पाजायला अण्णा न्यायचे ती बॅटरी रिकामी केली, रेडिओ रिकामा केला, सगळे सेल टेपमध्ये कोंबले, कॅसेट मागं फिरवून पहिल्यापासून लावली आणि हंडा लांब सारला. मंडळी हात पुसत आली, तसं बटण दाबलं.

"नमस्कार." बारीक, चिरका, पण स्वच्छ आवाज. "बाकी समदं भाऊ सांगतील. माझी एकच इनंती हाय. मी पसंत हाय का, एवढं मुलीला इचारा. न्हाई म्हणाली तर राग न्हाई."

चुलत्यांना ठसका लागला. अण्णांनी टेपकडे बघितलं, मग बॅटरीच्या रिकाम्या नळकांड्याकडे, मग माझ्याकडे. आता पाठीत बसणार, असं मला वाटलं.

"काय गं," ते घुटमळत म्हणाले, "इचारतोय न्हवं त्यो. सांग की."

आजवर अण्णांनी मला कामं सांगितली होती. विचारलं असं कधीच काही नव्हतं. माझे डोळे भरून आले. पण पाहुण्यांसमोर रडायचं कशाला?

"आवाज लय बारीक हाय," मी म्हणाले. "पर मला चालंल."