वहाळापर्यंतची छत्री

आप्पा गेल्याचा निरोप महाडहून येणाऱ्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरने आणला. पोलादपूरच्या शाळेत मी नुकतीच हजेरी घेऊन फळ्याकडे वळले होते. बोटांना खडूची भुकटी, खिडकीतून येणारा पेंढ्याचा उबदार वास... कंडक्टर दारातच थांबला, टोपी काढून हातात घेतली आणि "बाई, तुमचे काका..." एवढंच म्हणाला. आप्पा माझे धाकटे काका. आयुष्याचा मोठा भाग डोंगरपायथ्याच्या शाळांत गुरुजी म्हणून गेलेले. आता महिना उलटून गेला आहे. त्यांचं चांगलं पुष्कळांनी लिहिलं, बोललं. मला त्यांच्या लाजेविषयी लिहायचं आहे, कारण उरलेली सारी वर्षं ते तिला उराशी धरून जगले, आणि आम्हा घरच्यांनाही तिचा थोडा वाटा मिळाला.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आप्पा नोकरीचा राजीनामा देऊन पंचायत समितीच्या निवडणुकीला उभे राहिले. मी तेव्हा महाडच्या कॉलेजात होते आणि बायकांशी बोलायला कुणीतरी हवं म्हणून त्यांच्याबरोबर हिंडत होते. भाषणात सांगण्यासारखी एक खरी गोष्ट त्यांच्यापाशी होती. अनेक वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका सकाळी, डोंगरावरच्या कुडपणची माणसं अडलेल्या बाईला डोलीतून खाली आणत होती. बांबूला बांधलेली घोंगडी, आळीपाळीने चार खांदे, पायांखाली निसरडी वाट. शाळेच्या ओट्यावरून आप्पांनी ते पाहिलं, छत्री घेऊन धावले आणि वहाळापर्यंत त्या बाईच्या तोंडावर छत्री धरून चालले. मग शाळा उघडायची म्हणून परतले. आठवड्याभरात त्यांची बदली झाली. पुढे काय झालं, ते त्यांनी कुणाला विचारलं नाही.

पोलादपूरच्या पहिल्या सभेत त्यांनी ही गोष्ट अशीच सांगितली. लोकांनी ऐकून घेतली, एवढंच. परतताना जीपमध्ये त्यांचा एक कार्यकर्ता विडी विझवत म्हणाला, "आप्पा, छत्रीवर मतं पडत नाय. खांदा लागतो खांदा." सगळे हसले, आप्पाही हसले. दुसऱ्या गावी छत्रीबरोबर खांदा आला. तिसऱ्या गावी छत्री गळून गेली. पुढे वहाळाला पूर आला, डोली डोक्यावर गेली, दवाखान्याची पायरी आली, आणि शेवटी "आज ती माउली आणि तिचं लेकरू सुखरूप आहेत" हे वाक्य येऊन बसलं. त्या वाक्याशी आप्पांचा आवाज भरून येई. तो कंप खोटा नव्हता, हेच मला आजही अवघड वाटतं. रोज सांगता सांगता त्यांना ते दिसू लागलं होतं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत आम्ही कुडपणला चढलो. तेव्हा वर गाडी जात नसे. पठारावर वारा इतका होता की आप्पांचे शब्द तोंडातून निघताच दरीकडे उडत होते. देवळापुढे माणसं उकिडवी बसली होती. आप्पांनी तीच गोष्ट सांगितली, त्याच कंपासह. सभा हलली नाही. फक्त काही माना एका बाजूला वळल्या, कोपऱ्यात बसलेल्या एका उंच, हडकुळ्या माणसाकडे. तो जमिनीवर काडीने रेघा ओढत राहिला.

सभा संपल्यावर तोच पुढे आला. त्या डोंगरात रीत अशी की डोलीला ज्याने हातभार लावला, त्याने कधीतरी त्या घरी जेवायचं. तो उपाशी गेला तर आजाऱ्याचा भार घरावर राहतो, असं मानतात. "गुरुजी, आमच्याकडं भाकर खाऊन जावा," तो म्हणाला. "लय वर्सं राह्यली हाय."

शेणाने सारवलेलं घर, चुलीच्या धुराने काळे झालेले वासे, म्हाताऱ्या आईने थापलेली नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं. आप्पा प्रसन्न होते. दुसरा घास घेताना म्हणाले, "अहो, त्या माउलीला तरी बोलवा. भेटून जातो."

चुलीपुढची म्हातारी थापायची थांबली. त्या माणसाने आप्पांच्या पानात पिठलं वाढलं, मग बोलला.

"ती वहाळाच्या पल्याडच गेली, गुरुजी. लेकरू पोटातच."

आप्पांचा हात पानावर तसाच राहिला. पिठल्यावर साय धरू लागली. मग त्यांची अवस्था पाहवली नसावी, म्हणून तोच समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुमी छत्री धरलीत, आमाला याद हाय. तिचं त्वांड भिजलं नाय. ही भाकर त्याचीच हाय, खावा."

आप्पांनी ती खाल्ली. त्या घरात रागाचा एक शब्द जरी निघाला असता, तरी आम्हाला उतरण सोपी गेली असती. वाटेत वहाळाशी ते थांबले, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि मला म्हणाले, "छत्री पुरेशी होती गं."

अर्ज मागे घ्यायची मुदत टळली होती. उरलेल्या सभांत त्यांनी फक्त नमस्कार केला. ते पडले. कुडपणची मतं मात्र त्यांनाच मिळाली असं लोक म्हणत, तेव्हा आप्पा उठून मागच्या दारी जात.

पुढे गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी संसार ओढला. आणि त्यांना एक सवय जडली. कोणतीही हकीकत सांगताना, ऐकणारा रंगात आलेला असतानाच, ते एकदम थांबत. "मी इथवरच होतो. पुढचं दुसऱ्या कुणाला विचारा." लग्नाघरी, पारावर, एकदा तर त्यांच्याच सत्कारात, वक्ता त्यांचे पराक्रम सांगत असताना उठून. काकू वैतागे. "गोष्टीला शेपूट तरी लावा," म्हणे. ते लावत नसत.

सुतकाच्या दिवसांत भेटायला आलेली माणसं ओसरीवर दाटीने बसली होती. ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मी महाडच्या दवाखान्यात आप्पांजवळ होते, हे सर्वांना ठाऊक होतं. त्यांचे एक जुने स्नेही पुढे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाळ, शेवटी काही बोलले का गं? देवाचं नाव तरी घेतलं असेल." सगळे चेहरे माझ्याकडे वळले. एक वाक्य त्यांना हवं होतं, आणि ते माझ्या ओठांवर आयतं तयार होतं, गोड, कुणालाही न दुखावणारं...

"दिवे लागले तेव्हा मी निघाले," मी म्हणाले. "ते झोपले होते. मी तिथवरच होते."