मामांची साक्ष

इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आले: कुणी काहीही सांगितलं तरी ते दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहा. माझ्या पहिल्याच पुस्तकात मी ते केलं नव्हतं.

पुस्तक सुरतेतल्या लूम कामगारांवर, म्हणजे यंत्रमाग चालवणाऱ्यांवर होतं. माझ्या वडिलांसारखे, खानदेशातून आलेले. त्यांच्याबद्दल कागदोपत्री फारसं काही सापडेना, म्हणून भेस्तानपासून कडोदऱ्यापर्यंत घरोघरी फिरून मी माणसांना बोलतं केलं. त्यात सगळ्यात गाजली ती माझ्या सख्ख्या मामांची आठवण. एका कारागिराचा हात यंत्रात गेला, तेव्हा कारखान्यातल्या सगळ्यांनी तीन दिवस लूम बंद ठेवले होते. मामांनी सांगितलं होतं, लूम थांबले तरी आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलत होतो. हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. परिसंवादात लोक हे वाक्य मलाच ऐकवायचे. त्या पुस्तकाच्या जोरावर मला कॉलेजात कायमची नोकरी लागली.

कडोदऱ्याच्या एका वाचनालयात माझं भाषण होतं. त्यात मी मामांचं ते वाक्य वाचून दाखवलं. भाषण संपल्यावर एक वयस्कर बाई पुढे आल्या. मामांबरोबर काम केलेल्या, आता हयात नसलेल्या मित्राच्या त्या पत्नी. अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाई, हे बोलणं आमच्या यांचं आहे. तुझे मामा तेव्हा गावी होते. तुझ्या आईच्या लग्नाला."

घरी येऊन मी आईची लग्नपत्रिका शोधली. बंदची बातमी माझ्याकडे कात्रणात होतीच. दोन्ही कागद कित्येक वर्षं माझ्याच कपाटात होते आणि तारखा त्याच होत्या. मला कधी शेजारी ठेवून पाहावंसं वाटलं नव्हतं. सांगणारे मामा होते ना.

पुढचा आठवडा वाईट गेला. वर्गात उभी राहिले की मधेच शब्द हरवायचा. गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे, त्या बाई तरी अजून किती वर्षं असणार, असा एक विचार मनात येऊन गेला. त्याची आजही लाज वाटते.

शेवटी भेस्तानला गेले. मामा टीव्ही बघत बसले होते. पत्रिका समोर ठेवल्यावर त्यांनी आवाज बंद केला. नाकारलं नाही.

"मी तठे नव्हतू," ते म्हणाले. "पन तो ऱ्हायना नही. मंग कोन सांगी?" मित्र राहिला नाही, मग हे सांगणार कोण, असं त्यांचं म्हणणं.

मी विचारलं, "मग त्याचं नाव का नाही सांगितलं, मामा?"

मामांनी पत्रिका घडी करून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, तू रेकॉर्डर घेऊन आलीस आणि विचारलंस, तुम्ही काय पाहिलं. उभा जन्म लूमवर गेला, पण भाचीला सांगावं असं आपल्याजवळ काहीच नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मित्राची गोष्ट तोंडात आली ती तशीच बाहेर पडली.

प्रकाशकाने सुचवलं, पुढच्या आवृत्तीत तो मजकूर गुपचूप काढून टाकू. मी ऐकलं नाही. आठवण ठेवली, तिच्याखाली मित्राचं नाव घातलं आणि चूक कशी झाली तेही लिहिलं. त्यांच्या पत्नीला प्रत नेऊन दिली. ते पान त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग पुस्तक देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवलं.

नातेवाइकांत मात्र बोभाटा झाला. मामांनी फोन उचलणं बंद केलं. मामी सांगते, रागावले नाहीत, फक्त जुनं काही बोलतच नाहीत आता.

मी जुन्या सगळ्या मुलाखती पुन्हा ऐकायला घेतल्या आहेत. कुणी रंगून सांगायला लागलं की रेकॉर्डिंग थांबवते, मागे नेते, परत ऐकते. त्यातली निम्मी माणसं आता विचारायला उरलेली नाहीत.