शकुबाईची बाजाराची थैली

घाटंजीकडच्या शिवारात कापूस वेचायला बायांची टोळी हवी असली की शकुबाईला विचारावं लागे. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. ती हसली की चार धुऱ्यांपलीकडच्या शेतात ऐकू जाई.

पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करायची तिथली रीत. दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मगच पात, म्हणजे वेचायची ओळ, धरायची. मालकीण वेचणीचा भाव सांगायची तो नैवेद्यानंतर. पूजा झाल्यावर माघारी फिरणं अशुभ, म्हणून बाया मुकाट्यानं मान डोलवायच्या. मोठी सोयीची रीत होती, मालकांच्या!

कापसाचे भाव कोसळले त्या साली शकुबाईनं नैवेद्याआधीच तोंड उघडलं. मालकीण विमलताई भडकल्या.

"कापसाले भाव नाही, तं मजुरी कुठून वाढवू व?"

"खोटं नाही ताई. पन तेल देतानी दुकानदार मले कापसाचा भाव नाही इचारत." शकुबाईनं आपली थैली पुढं केली. "आज आठवडी बाजार हाये. माह्या हप्त्याच्या मजुरीत माह्या घरचा हप्त्याचा बाजार तुमी करून दाखवा. झाला, तं साऱ्याजनी जुन्याच भावात वेचू."

बयेनं अख्खा हंगाम पणाला लावला होता! आणि तोही घासाघिशीत पंचक्रोशीत नावाजलेल्या विमलताईंसमोर. त्यांना येताना पाहिलं की भाजीवाले भाव आधीच चढवून ठेवत.

पूजा दुसऱ्या दिवसावर गेली. विमलताई पदर खोचून बाजारात शिरल्या. वांगीवालीला त्यांनी रडकुंडीला आणलं, मीठवाल्याकडून वर मूठभर मीठ उकळलं. शकुबाई मागं थैली धरून चालत होती. डाळ निम्मीच आली. तेलाच्या दुकानापाशी पोचेपर्यंत विमलताईंची मूठ रिकामी झाली.

त्या तिथंच थांबल्या. "तेलाबिगर भाजी कशी करतं व तू?"

"पान्यात शिजवतो."

परतीच्या वाटेवर थैली विमलताईंनी स्वतःच उचलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाव सांगितला, तोही नैवेद्याआधी. शकुबाईनं मागितला तेवढा नव्हता, पण तेल येईल इतका होता. बाया खुशीत पात धरून निघाल्या.

तेव्हापासून दर साली सीतादहीआधीच्या बाजारी विमलताई मजुरणीच्या पैशात बाजार करतात, मगच भाव ठरतो. यंदा शेजारच्या दोन मालकिणीही सोबत होत्या. कुरकुरत होत्या, पण आल्या होत्या.