परवाचा दर

आमच्या जिन्याखाली घड्याळजींचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, भिंतीवर टांगलेली घड्याळं आणि एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाईक बसलं की दुकान भरलं. माझे यजमान होते तेव्हापासून ते मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भाऊजी. त्यांचं वय एकसष्ट. डोळ्याला भिंग लावून एकदा बसले की बाहेर आभाळ कोसळलं तरी मान वर व्हायची नाही. या माणसाला मी, मधले दोन दिवस सोडले तर, ओळीने अठरा दिवस जागेवर टेकलेलं पाहिलं नाही.

झालं असं की त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. बायको लवकर गेली, ही एकुलती एक त्यांनीच वाढवलेली. ती परदेशात एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथलाच मुलगा, थाटमाट नाही, तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता नोंदणी कचेरीत दोन सह्या. "बाबा, तुम्ही समोर असलात की बास. तिकीट मी पाठवते," ती फोनवर म्हणाली.

"लग्न तुझं, तिकीट माझं," भाऊजी म्हणाले. "एवढं तरी बापाकडे राहू दे."

पासपोर्ट-व्हिसा तिने आधीच करवून घेतला होता. फोन ठेवल्यावर त्यांनी तिकिटाची किंमत पाहिली, आणि त्या क्षणापासून पायाला भिंगरी लागली. सकाळी दुकान उघडायचं, एखादं घड्याळ उघडायचं, दोन स्क्रू काढायचे की लगेच फोन हातात. दर वर गेला की उठून कोपऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा बघायचं. खाली आला तर जास्तच पंचाईत, कारण उद्या आणखी उतरला तर? एका बाईंच्या घड्याळाला त्यांनी पुरुषी पट्टा लावून दिला. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा.

त्यात शेजारचा न्हावी सल्लागार निघाला. त्याने आयुष्यात विमान फक्त खालून पाहिलेलं. "आपण सारखं बघितलं की त्या कॉम्प्युटरला कळतं, याला गरज आहे. मग तो चढवतो," असं त्याने भाऊजींच्या डोक्यात भरवलं. झालं! भाऊजी दुसऱ्यांच्या फोनवर दर बघू लागले. न्हाव्याच्या, पोस्टमनच्या, माझ्या. एकदा तर स्टुलावरच्या गिऱ्हाइकाचा फोन मागितला. तो म्हणाला, "मला कुठे जायचंय?" भाऊजी म्हणाले, "तुम्हाला नाही जायचं म्हणूनच मागतोय. तुम्हाला स्वस्त दाखवील."

पलीकडच्या रस्त्यावर एक तिकीटवाली आहे. तोंडाने फटकळ, कामाला चोख. रोज तिच्याकडे एक फेरी व्हायची. "काका, ही भाजी नाही घासाघीस करायला," ती म्हणायची.

"भाजीवाला निदान तोंडावर खोटं बोलतो गं. हा तुझा कॉम्प्युटर तोंडच दाखवत नाही."

दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी संध्याकाळी दर खरोखर उतरला. एकच थांबा, लग्नाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी तिथे हजर, आणि भाऊजींच्या आवाक्यातला. पण मंगळवारी सगळीकडेच उतरतो असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून ते थांबले. मंगळवारी तो इतका चढला की दुपारी त्यांनी दुकान बंद करून टाकलं. "वहिनी, घास तोंडाशी आला होता आणि मीच थुंकून टाकला," म्हणाले.

बुधवारी अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. तिकीटवाली होती. भाऊजी एरवी काम करताना फोन उचलत नाहीत म्हणून त्यांनी पहिल्याच फेरीत तिला माझा नंबर देऊन ठेवला होता. तिच्यापुढे माणसं उभी असावीत, गलका ऐकू येत होता. "आजी, काकांना म्हणावं, परवाचा दर. एवढं सांगा, त्यांना कळेल." फोन बंद.

मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला बजावत, निरोप जसाच्या तसा द्यावा, पदरचं घालू नये. मी तो शब्दन् शब्द डायरीत उतरवला, वेळ घातली आणि खाली जाऊन वाचून दाखवला.

भाऊजींचा चेहरा उजळला. "परवा! परवा म्हणजे शुक्रवार. न्हावी म्हणतच होता, शुक्रवारी नवे दर निघतात." त्यांनी फोन खणात टाकला. दोन दिवस त्याकडे बघायचंसुद्धा नाही, उगाच कॉम्प्युटरला सुगावा लागायचा. आणि खरोखरच बघितलं नाही. भिंग लावून बसले. साचलेली अकरा घड्याळं दोन दिवसांत चालू केली. मला बरं वाटलं, हे कबूल करते. फक्त टेबलाखाली उजवा गुडघा हलत होता.

शुक्रवारी सकाळी दहाला ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मलाही सोबत नेलं, शुभ बोलायला.

तिकीटवालीने मान वर केली. "काका, आज? बुधवारी का नाही आलात? मी कंपनीशी भांडून तो दर संध्याकाळपर्यंत धरून ठेवला होता!"

"कुठला दर?"

"परवाचा!"

"म्हणजे आजचा ना?"

"आजचा कसा? परवाचा! सोमवारचा! परवा मी परवाचा म्हणाले तो!"

मी पिशवीतून डायरी काढली आणि बुधवारचं पान तिच्यापुढे धरलं. अक्षर सुरेख होतं, वेळ अकरा वाजून पाच मिनिटं, निरोप अगदी तंतोतंत. तारीख मात्र कुणाच्याच बोलण्यात नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

"मग पुन्हा फोन का नाही केलास?" भाऊजींचा आवाज चढला.

"मला वाटलं, तुमचं मन फिरलं. ते तर रोजच फिरतं!"

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

भाऊजी दारापर्यंत गेले, परत आले. "तुमची नाही हो वहिनी. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना 'परवा या' म्हणून टोलवतोय. एकदा तरी माझ्यावर उलटायचंच होतं." हसले, पण सदऱ्याचं वरचं बटण उगाच काढत-लावत राहिले.

आता ते विमान दुपटीच्या घरात गेलं होतं. मुलीला फोन करा, ती पाठवील, असं तिकीटवाली दोनदा म्हणाली. ते ऐकेनात. मग तासभर खटपट करून तिने एक वाट काढली. नऊ तास बसने दुसऱ्या शहरात, तिथून तीन विमानं, मध्ये एका विमानतळावर चौदा तास मुक्काम. पोचणार लग्नाच्याच दिवशी सकाळी साडेसातला. "एक जरी विमान उशिरा आलं काका, तर तुम्ही लग्नात नाही."

"काढ," ते म्हणाले.

पुढच्या बुधवारी ते गेले. शुक्रवारी मला घरात एका खोलीत राहवेना. पुस्तक उघडलं, मिटलं. कपाट लावायला काढलं आणि अर्धंच सोडलं. इथली दुपार म्हणजे तिथली सकाळ. त्यांचे साडेसात वाजून गेले, नऊ वाजले, अकरा वाजले. फोन नाही. मी खाली जाऊन कुलूप लावलेलं दुकान बघून आले, कशासाठी ते देव जाणे. न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात उभा होता. "काही कळलं?" त्याने विचारलं. खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीने आमच्याकडे बघत होता.

मुलीचा फोन आला तेव्हा संध्याकाळ होत होती. दुसरं विमान उशिरा उतरलं, तिसरं निघून गेलं होतं. पुढच्या विमानाने भाऊजी सव्वा अकराला विमानतळावर उतरले, त्यांची बॅग मागेच राहिली. इकडे कचेरीत अकराला तिचं नाव पुकारलं. ती म्हणाली, आमच्यामागच्यांना घ्या. मग त्यांच्यामागच्यांना. अशी पाच जोडपी पुढे गेली. साडेबाराला कचेरी बंद होणार होती. अधिकाऱ्याने घड्याळाकडे बोट दाखवलं.

"सव्वाबाराला दार उघडलं काकू, आणि बाबा आत. दोन दिवसांचा चुरगळलेला सदरा, हातात नुसता पासपोर्ट. मी रडतेय, आणि ते त्या अधिकाऱ्याला सॉरी सॉरी म्हणतायत. त्याने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, बाबा, आता तरी बसा."

"बसले?"

"कुठले! म्हणाले, एकेचाळीस तास बसूनच आलोय, आता उभ्याने बघू दे."