उदासीची गोळी, हाडाचा कॅन्सर

आमच्या भिलाईच्या कॉलेजातल्या लॅबमधून रिझल्ट कधीमधी निघतात, किस्से मात्र रोज निघतात. कामच तसं आहे. उदासीवरच्या जुन्या औषधांनी हाडाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात का, हे आम्ही प्लेटमध्ये पेशी वाढवून तपासतो. आम्ही म्हणजे देशकर मॅडम, त्यांच्याकडे पीएचडी करणारी मी, आणि स्टील प्लांटमधून रिटायर होऊन आलेले असिस्टंट वानखेडे काका.

*

पहिल्याच दिवशी काकांनी शंका काढली. "मॅडम, गोळी उदासीची, अन् देऊन राहिलो कॅन्सरले. तो खुश होऊन वाढला तं?"

"तेच तपासून राहिलो, काका," मॅडम म्हणाल्या.

*

सेक्टर १० मधल्या शेजारच्या काकूंनी घरी माझ्या टेबलावर उदासीच्या औषधांचे पेपर पाहिले. आठवडाभर डबा आणून दिला, वर आईला बजावलं, "पोरीले एकटं नोको सोडू." मी खुलासा केला नाही. त्यांच्या हातची मेथी फार छान असते!

*

रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा काकांचा प्लांटमधला नियम. एकदा "जरा पेशींकडे बघा" म्हणून मी जेवायला गेले आणि मैत्रिणीबरोबर बाजारात रमले. तीन तासांनी परतले तर काका उपाशी, पेशींच्या इन्क्युबेटरसमोर स्टुलावर. "चार्ज घ्या," म्हणाले आणि डबा उघडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

पहिल्या प्रयोगात पेशी मेल्या, आम्ही पेढे वाटले. दुसऱ्यात ढिम्म. मॅडमनी तिसऱ्यांदा प्लेट मांडल्या. प्राचार्यांनी विचारलं, "किती वेळा करणार?"

"खरं काय ते कळेपर्यंत."

*

गेल्या हिवाळ्यात काकांच्या धाकट्या मुलीला, बारावीतल्या मंजूला, गुडघ्याजवळच्या हाडाचा कॅन्सर निघाला. नागपूरला केमो सुरू झाली. काकांनी मॅडमना विचारलं, "आपलं औषध देऊ का तिले?"

मॅडमनी त्यांना समोर बसवलं. "प्लेटमध्ये झालं ते माणसात होईलच असं नाही, काका. केमोबरोबर ते काय करेल, मलाही माहीत नाही. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका."

काका घरी गेले. मला धास्ती वाटली, कारण औषधांच्या कपाटाची चावी त्यांच्याकडेच असायची.

सकाळी ते आमच्या आधी दारात उभे होते. चावी त्यांनी मॅडमच्या हातावर ठेवली.

"हे तुमच्याजवळ ठेवा. मी बाप आहो, माह्यावर भरोसा नोका ठेवू."

मग हात धुतले, ग्लोव्हज चढवले आणि विचारलं, "चौथ्यांदा प्लेटा कवा मांडायच्या?"